हात पोचला पाहिजे!

सव्वीस फुटांची बोट, बाकांखाली भरपूर स्टोरेज, आणि तरीही ऐन वेळी हवी ती वस्तू हाताला लागत नाही. एका मराठी जोडप्याने यावर काय उपाय केला? हातात करवत घेतली!

आधी एक प्रश्न. तुमच्या घरात बॉक्स बेड आहे? असणारच. मुंबई-पुण्यात वन बीएचके घेतला की आधी ईएमआय सुरू होतो आणि पाठोपाठ बॉक्स बेड येतो. आमच्याही घरी आहे. त्यात जास्तीच्या गाद्या आहेत, आईच्या पैठण्या आहेत, गणपतीच्या डेकोरेशनच्या लाइटच्या माळा आहेत, माझी कॉलेजची जर्नल्स आहेत आणि बाबांचं नेब्युलायझर आहे. एवढ्याशा घरात एवढं सामान मावतं म्हणून पाहुण्यांना तो बेड आम्ही कौतुकाने उघडून दाखवतो.

आता दुसरा प्रश्न. त्यातली एखादी वस्तू रात्री अडीच वाजता काढायची झाली तर? आधी झोपलेल्या माणसाला उठवा. मग गादी उभी करून भिंतीला टेकवा. मग प्लायची फळी उचला, एका हाताने ती धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने अंधारात चाचपडा. हवी ती वस्तू अर्थातच सगळ्यात खाली असते!

स्टोरेज असणं आणि हात पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फंडा मला कळला तो मात्र घरी नाही. इंग्लंडमध्ये, चिखलात उभ्या असलेल्या एका बोटीच्या पोटात बसून कळला.

वन बीएचके, पाण्यावरचा

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा, म्हणजे आमची ताई आणि जिजू, दोघंही आयटीवाले. पोर्ट्समथजवळ राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी सेकंडहँड बोट घेतली तेव्हा मावशीला वाटलं की पोरं करोडपती झाली. प्रत्यक्षात ती बोट दोघांपेक्षाही वयाने मोठी. १९७० च्या दशकातली, फायबरग्लासची, २६ फूट लांब आणि जास्तीत जास्त साडेआठ फूट रुंद. क्रूझिंगची छोटी बोट म्हणजे एवढीच. शीड उभारायचं, वीकेंडला दोन-चार मुक्काम करायचे आणि रात्री तिच्यातच झोपायचं.

केबिन म्हणाल तर समोरासमोर दोन लांब बाकं, मध्ये घडीचं टेबल, एका कोपऱ्यात दोन बर्नरचा गॅस, पुढे कपाटाएवढं टॉयलेट आणि अगदी टोकाला तिरकी बिछान्याची जागा. दिवसा जे सोफे असतात तेच रात्री बेड. ओळखीचं वाटतंय ना?

या बोटीला खाली एकाऐवजी दोन कणे आहेत. त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की ती आडवी न पडता चिखलावर सरळ उभी राहते. लँगस्टन हार्बर नावाच्या ज्या खाडीत ती असते तिथे ओहोटीला मैलभर नुसता चिखल दिसतो. कोकणातल्या खाडीची आठवण यावी इतका. फक्त थंडी सोडून!

जागा आहे, रस्ता नाही

बोटीत सामान ठेवायला जागा नसते असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण ताईने एकेक फळी उचलून दाखवायला सुरुवात केली तशी मी थक्कच झाले. बाकाखाली कप्पे, बिछान्याखाली कप्पे, पायऱ्यांमागे कप्पा. टाक्या, पाइप, बॅटऱ्या, पावसाळी कपडे, डबाबंद खाणं, दोरखंड, औषधं, सगळं त्यात. प्रॉब्लेम एकच. जवळजवळ प्रत्येक कप्पा वरूनच उघडायचा. म्हणजे बसलेला माणूस उठवा, चार इंची गादी काढा, ती गादी ठेवायला जागा शोधा आणि मग झाकण उचला.

बोट बांधणारे काही वेडे नव्हते. वारा भरला की बोट एका बाजूला कलते. समोरून उघडणारं साधं दार असेल तर आतले डबे थेट तुमच्या पायावर येतात. वरच्या झाकणाच्या कप्प्यातून काही सांडत नाही. शिवाय बाकाची समोरची फळी अखंड ठेवली की बोटीला मजबुती मिळते. हे सगळं बरोबरच आहे. पण...

"पण एकदा बरोबर असलेली गोष्ट बुडवणार होती आम्हाला," ताई म्हणाली.

ती रात्र

झालं असं. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये हे दोघं आणि जिजूंचा ऑफिसमधला एक मित्र आइल ऑफ वाइटहून परत येत होते. वारा वाढला, अंधार पडला. मित्राला बोट लागली. बिचारा बाकावर आडवा झाला तो हलेचना. जिजू सुकाणूवर. ताई पाणी प्यायला खाली आली आणि तिचा पाय थंडगार पाण्यात पडला. केबिनच्या फरशीवर पाणी!

तिने आधी काय करावं? बोट वाकवून पाण्यात बुडवलं आणि चाटून बघितलं. गोडं असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी गळतेय, खारं असेल तर समुद्र आत येतोय. पाणी खारट होतं.

इथे एक माहिती हवी. बोटीच्या तळाला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात. टॉयलेटसाठी समुद्राचं पाणी आत घ्यायला, सिंकचं पाणी बाहेर सोडायला. प्रत्येक भोकावर एक नळ बसवलेला असतो, त्याला सीकॉक म्हणतात. नळाला पाइप जोडलेला असतो आणि पाइपला क्लिप. त्या रात्री टॉयलेटला पाणी आणणाऱ्या पाऊण इंची पाइपची गंजलेली क्लिप तुटली होती, पाइप निसटला होता आणि नळ उघडाच राहिला होता.

पाऊण इंच म्हणजे किती? आपल्या बाथरूमच्या नळासारखाच की! पण ते भोक पाण्याच्या पातळीखाली फूटभर असेल तर हिशेबाने मिनिटाला साधारण २५ लिटर पाणी आत येतं. म्हणजे दर मिनिटाला बादलीभराहून जास्त. भोक दीड इंची असतं तर मिनिटाला १०० लिटर.

नळ बंद करायला लागतात दोन सेकंद. हँडल पाव फेरा फिरवलं की झालं. पण तो नळ नेमका ज्या बाकाखाली होता त्यावर मित्र आडवा होता. त्याला उठवायचं, तो उठेना. त्याला दुसऱ्या बाकावर ओढलं. गादी काढली. झाकण उघडलं तर वरती दोरखंडाची वेटोळी, त्याखाली सुटे लाइफजॅकेट, त्याखाली टूलबॉक्स. सगळं उपसून हात नळापर्यंत पोचायला सहा-सात मिनिटं लागली. तोपर्यंत दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत आलं होतं.

बोट बुडाली नाही. पंप मारून पाणी काढलं, पहाटे सगळे सुखरूप बंदरात आले. "पण ती सहा मिनिटं मी मनात मोजत होते," ताई सांगते. "नळ कुठे आहे मला माहीत होतं. बंद कसा करायचा माहीत होतं. फक्त हात पोचत नव्हता."

आपल्याकडच्या दोन बोटी

हा किस्सा ऐकून मी थोडं वाचायला घेतलं आणि दोन बोटी भेटल्या. दोन्ही ३२ फुटी, दोन्ही आपल्या किनाऱ्यावर जन्मलेल्या.

पहिली 'सुहेली'. मुंबईत सागवानात बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते जगातले पहिले. ३१२ दिवस! म्हणजे ३१२ दिवसांचं सामान ३२ फुटांत. आपण दोन दिवसांच्या महाबळेश्वरला दोन सुटकेसेस नेतो.

दुसरी 'थुरिया'. सुहेलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये आपले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. ते बिछान्यात पडून होते आणि चालता येत नव्हतं. तिथून त्यांनी पाठवलेल्या संदेशांत एक गोष्ट अशी होती की संकटकाळची बॅग हाताला लागणं कठीण झालंय. बॅग बोटीतच होती! तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. पुढे हेच टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोबला पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. सलाम!

एवढ्या तयारीच्या माणसावरही ही वेळ येऊ शकते. मग वीकेंडवाल्यांचं काय?

पहिली करवत कुठे चालवायची?

तर ठरलं. बाकांच्या समोरच्या फळ्यांमध्ये दारं काढायची. गैरसमज नको, बोटीच्या बाहेरच्या कवचाला कुणी हात लावत नाही. आतल्या बाकाच्या उभ्या फळीत फक्त.

आणि मग नवरा-बायकोचं वाजलं. जिजूंना दोन्ही बाकांना एका रांगेत सुंदर ड्रॉवर्स हवे होते. त्यांनी लॅपटॉपवर थ्रीडी ड्रॉइंगही केलं होतं. ताईचं म्हणणं, पहिलं दार सीकॉकचं. ते दिसायला कसंही दिसू दे. "तू किचन डिझाइन करतोयस. मी त्या रात्रीबद्दल बोलतेय." हे वाक्य तिने माझ्यासमोर पुन्हा म्हणून दाखवलं तेव्हा जिजू गॅसवरच्या चहाकडे फार लक्ष देऊन बघत होते.

शेवटी दोघांनी एक वही केली. एक सीझन, म्हणजे मेपासून सप्टेंबरपर्यंत, कुठली वस्तू किती वेळा काढावी लागली याची नोंद. त्यातून तीन याद्या निघाल्या. पहिली, सेकंदांत लागणाऱ्या वस्तू. सीकॉक, अग्निशामक, लाइफजॅकेट, फर्स्ट एड, टॉर्च. दुसरी, रोज लागणाऱ्या. चहा-साखर, भांडी, टॉवेल. तिसरी, महिन्यातून एकदा लागणाऱ्या. गंमत म्हणजे पहिल्या यादीतल्या बऱ्याच वस्तूंसाठी करवत लागलीच नाही. लाइफजॅकेट दाराशेजारच्या हुकांवर गेली, टॉर्च पायरीजवळ आला. "कापण्याआधी हलवून बघ," हा ताईचा पहिला नियम. आणि ड्रॉवर्सची अख्खी रांग? वहीने सांगितलं की लागणार एकच.

सीकॉकचं दार आधी झालं होतं. मी गेले तेव्हा दुसऱ्या दाराचा नंबर होता.

भरती ते भरती

सकाळच्या भरतीला आम्ही छोट्या रबरी होडीतून बोटीवर गेलो. थोड्याच वेळात पाणी ओसरलं आणि बोट चिखलावर बसली. आता पुढची भरती येईपर्यंत, म्हणजे गेल्यापासून बारा तास, कुठेही जाता येणार नाही. खिळा विसरलात तर विसरलात! पण काम करायला ही बेस्ट वेळ, कारण बोट हलत नाही.

आधी बॅटरीचं कनेक्शन काढलं. मग वरचं झाकण उघडून टॉर्च आणि फोनचा कॅमेरा आत घालून फळीमागे काय आहे ते बघितलं. वायर, पाइप, टाकी, यातलं काही करवतीच्या वाटेत आलं तर संपलंच. मग पुठ्ठ्याचा दाराएवढा तुकडा कापून फळीवर चिकटवला आणि त्यातून सामान काढण्याची चक्क रिहर्सल केली. पहिल्या मापातून मोठं पातेलं बाहेर येत नव्हतं. पुठ्ठा बदलला.

माप ठरवताना मोह आवरायचा असतो. फळी बाकाचा आणि माणसांचा भार घेते, बोटीचं अंग ताठ ठेवते. म्हणून चारही बाजूंना भरपूर लाकूड शिल्लक ठेवायचं. ताईने चार-चार इंच ठेवलं. कोपरे गोल हवेत, कारण चीर नेहमी टोकदार कोपऱ्यातून सुरू होते. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे आठवा. खालची कड कप्प्याच्या तळापासून तीन इंच वर, म्हणजे बोट कलली तरी डबे उंबरठ्याला अडतात.

कोपऱ्यांत गोल भोकं पाडून जिजूंनी जिगसॉ चालवली. मी भुसा ओढायला व्हॅक्युम क्लीनरची नळी धरून बसले होते. मास्क लावून, कारण फायबरग्लासची धूळ फुफ्फुसांना वाईट. दहा मिनिटांत तुकडा सुटला. तोच तुकडा कडा घासून, बिजागऱ्या लावून दार झाला. कापलेल्या सगळ्या कडांना इपॉक्सी लावलं. उघडी प्लाय पाणी पिते आणि फुगते. हे आपल्याला सिंकखालच्या कपाटाने शिकवलेलं आहेच.

मग कडीचा प्रश्न आला. घरच्यासारखं मॅग्नेट? जिजू हसले. बोट एका लाटेवर आपटली की आतले पाच किलो डबे दारावर आदळतात. मॅग्नेट कुठे पुरणार! घट्ट बसणारी, दाबून उघडणारी धातूची कडी हवी. जुन्या बोटींत दाराला बोट घालण्याएवढं भोक असतं आणि आतून खिट्टी. पण बोट हलताना त्यात बोट अडकलं तर... मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, पण मोडतं एकच!

तो एकमेव ड्रॉवर मात्र जिजूंना मिळाला. त्याची आयडिया भारीच आहे. त्याच्या तळाला पुढे एक खाच असते, ती चौकटीवर बसते. उघडायचा तर आधी किंचित उचलायचा आणि मग ओढायचा. बोट कितीही कलली तरी आपोआप उघडत नाही. अर्थात ड्रॉवर सगळीकडे चालत नाहीत. बोटीची भिंत वाकडी असते आणि ड्रॉवर चौकोनी, त्यामुळे मागची बरीच जागा फुकट जाते. बाकी ठिकाणी साधं दार आणि आत प्लॅस्टिकचे टब बेस्ट.

वरची झाकणं काढून टाकली का? मुळीच नाही. मोठं सामान वरून, रोजचं समोरून. एकाच कप्प्याला दोन रस्ते.

तुमची बोट असेल (किंवा नसेलही) तर...

• आधी यादी, मग करवत. वस्तू नुसती हलवून काम होतंय का बघा.
• फळीमागे काय आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका.
• बोटीच्या आडव्या मुख्य भिंतींना हात लावू नका. शंका असेल तर बोट बांधणाऱ्या जाणकाराला विचारा.
• जड सामान खाली आणि मध्यभागी, हलकं सामान दोन्ही टोकांना.
• दाराला हवा खेळायला भोकं ठेवा. नाहीतर बुरशी ठरलेली.
• डब्यांवरची कागदी लेबलं काढा, नाव मार्करने लिहा. ओल्या लेबलांचा लगदा पंपात अडकतो.
• प्रत्येक सीकॉकजवळ निमुळती लाकडी खुंटी बांधून ठेवा आणि पाइपला जमेल तिथे दोन क्लिपा लावा.
• कुठे काय आहे याचा नकाशा काढून चिकटवा. तो पाहुण्यालाही कळला पाहिजे.

आणि घरी?

संध्याकाळी पाणी परत यायची वाट बघत आम्ही चहा पीत बसलो होतो. ताईने सहज विचारलं, "काकांचा दमा कसा आहे गं?"

मी म्हटलं, ठीक आहे. गेल्या दिवाळीत मात्र वाईट झालं. फटाक्यांचा धूर, रात्री दोनला अटॅक आला. इनहेलरने भागेना, म्हणून नेब्युलायझर काढलं.

"कुठे ठेवता?"

"बॉक्स बेडमध्ये."

"आणि काका झोपतात कुठे?"

मी काही बोललेच नाही. त्या रात्री बाबांना, श्वास घेता येत नसताना, आधाराने उठवून आम्ही खुर्चीत बसवलं होतं. आई गादी धरून उभी होती. मी पैठण्यांच्या खाली हात घालत होते. किती मिनिटं लागली ते मी कधी मोजलंच नव्हतं.

तिथूनच आईला फोन लावला. भारतात रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. "आई, नेब्युलायझर आत्ता बाहेर काढ."

"आत्ता? बाबा झोपलेत त्यावर."

"म्हणूनच."

"बरं. पण मग ठेवू कुठे? जागा कुठे आहे?"

जागा निघाली. बाबांच्या उशाशी भिंतीला एक छोटी फळी, तिच्यावर मशीन, शेजारी प्लग पॉइंट. खर्च अगदी किरकोळ. उरलेल्या सामानासाठी परत आल्यावर सुतारकाकांना बोलावलं आणि बेडच्या समोरच्या फळीत दार काढायला सांगितलं. काका म्हणाले, "मॅडम, बेडचा लोड जाईल." मी म्हटलं, चारी बाजूंना चार इंच सोडा, कोपरे गोल ठेवा आणि कडांना सीलर लावा. काकांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "कुठे शिकलात?"

"बोटीत," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. दार मात्र झकास झालंय. परवा बाबांनी स्वतः वाकून, कुणालाही न उठवता, आतून त्यांचं स्वेटर काढलं.